कानातलं तेल आणि 1882 सालचे दोन जंतू

टाळूवर तेल, बेंबीत तेल आणि कानात दोन थेंब तेल. आपल्याकडे बाळाचं हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. त्यामागं माया आहे, मान्य. पण कान वाहायला लागला तरी "राहील आपोआप" म्हणत बसतात, ते मला खटकतं.

पू कशानं होतो, हे जगाला 1882 सालीच कळलं होतं. फ्रान्समध्ये कार्ल जेसारनं जखमेच्या पट्ट्यांवरच्या निळ्या-हिरव्या पुवातून एक जंतू वेगळा काढला, आजचा स्यूडोमोनास. त्याच वर्षी स्कॉटलंडचे सर्जन ऑग्स्टन यांनी पुवातल्या दुसऱ्या जंतूला स्टॅफिलोकोकस नाव दिलं, कारण तो द्राक्षाच्या घडासारखा दिसतो. बाहेरच्या कानाच्या संसर्गात आजही हेच दोघं पुढं. ओल राहिली, आतली कातडी खरचटली की त्यांचं फावतं. अंघोळीचं पाणी, वर तेल, वर कापसाची काडी... अजून काय पाहिजे त्यांना?

तान्ह्या बाळात संसर्ग अंगभर पसरायला वेळ लागत नाही. तो घरातच ओळखता येतो, हे आपल्या गडचिरोलीनं दाखवलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं 39 गावांत गावातल्याच बायांना बाळं तपासायला आणि उपचार करायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर 62 टक्क्यांनी कमी झाला, 1999 मध्ये 'लॅन्सेट'नं ते छापलं. 2011 पासून आशाताई बाळ बघायला घरी येतात, त्याचं मूळ तिथं आहे.

तेव्हा ताईंना नुसता चहा पाजून पाठवू नका, बाळाचा कानही दाखवा. पू, घाण वास दिसला, ताप आला किंवा बाळानं दूध सोडलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.