महारोगावरील औषधांचा इतिहास

ज्या व्याधीस आपल्याकडे महारोग किंवा रक्तपिती म्हणतात, तिच्यावर औषध नाहीं ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ती खोटी ठरून बरीच वर्षें लोटलीं. म्हणून तिचा इतिहास पिंपळगांव रेणुकाईच्या वाचकांपुढें थोडक्यांत मांडावा असें आम्हांस वाटतें.

सुश्रुतानें ह्या रोगावर तुवरकाचें तेल सांगितलें आहे. तुवरक म्हणजे सह्याद्रीच्या रानांतील कडू कवठ. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतहि मुख्य भरंवसा अशाच तेलांवर होता. तें पोटांत घेतल्यास मळमळे, टोंचून घेतल्यास वेदना होत, आणि गुण येईलच अशी शाश्वती नसे. १८७३ सालीं नॉर्वेंतील डॉ. हॅन्सेन ह्यांनीं रोगाचे जंतु शोधून काढले; परंतु त्यांस मारावें कसें हें कळण्यास आणखी सुमारें सत्तर वर्षें लागलीं. १९४१ सालीं अमेरिकेंतील कारव्हिल येथें, जेथें १८९६ पासून धर्मभगिनी रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या, डॉ. फॅजेट ह्यांनीं प्रोमिन हें औषध टोंचून पाहिलें व रोगी सुधारूं लागले. त्याच कुळांतील डॅप्सोनचा उपयोग १९४६ सालीं मद्रासजवळ चिंगलपट येथें डॉ. कॉक्रेन ह्यांनीं सुरू केला. पुढें त्याची स्वस्त गोळी झाली.

गोळी झाली, तरी ती रोग्यापर्यंत पोहोंचावी कशी? ह्याचें उत्तर वर्ध्यानें दिलें. तेथें १९३६ पासून मनोहरजी दिवाण दत्तपुरास रोग्यांची सेवा करीत होते. १९५१ सालीं स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानानें रोग्यास वसाहतींत न कोंडतां गांवोगांव पाहणी, शिकवण व औषध नेण्याची रीत पाडली.

परंतु एकट्या डॅप्सोनला जंतु सरावले. म्हणून १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं रिफॅम्पिसिन, क्लोफॅझिमिन व डॅप्सोन हीं औषधें मिळून देण्याचें ठरविलें; एकास न जुमानणारा जंतु दुसऱ्याच्या हातून मरतो. ह्यांपैकीं क्लोफॅझिमिन हें डब्लिन येथें व्हिन्सेंट बॅरी व त्यांचे सहकारी क्षयावर औषध शोधीत असतां सांपडलें. हा उपचार ज्या जिल्ह्यांत प्रथम सुरू झाला, त्यांत वर्धा होता. तो रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने चालतो, सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतो, आणि तो सुरू होतांच रोग पसरण्याचें भय लवकरच सरतें.

औषध आलें, मनें मात्र मागें राहिलीं. उपाय सांपडून वीस वर्षें झाल्यावर, २००१ सालीं, आपणां ख्रिस्ती लोकांच्या घटस्फोटाच्या कायद्यांत ‘असाध्य महारोग’ हें एक कारण घालण्यांत आलें. तें २०१९ सालीं काढलें गेलें. कायद्यांतून गेलेला हा शब्द घरांतूनहि जावा. रोगानें शिरा निकामी केल्या म्हणजे हरपलेली जाणीव औषधानें हमखास परत येत नाहीं. म्हणून बधिर चट्टा दिसतांच तो न लपवितां दवाखाना गांठावा, आणि गोळ्या संपेपर्यंत घ्याव्या. तसेंच बऱ्या झालेल्या मनुष्यास पंगतींत व प्रार्थनेंत आपल्या शेजारीं बसवावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.