मुंबईच्या लोकलचा विद्युतदाब : १९२५ ते २०१६

३ फेब्रुवारी १९२५ रोजी भारतातील पहिली विजेची आगगाडी बोरीबंदरहून कुर्ल्यास गेली, ती १५०० व्होल्ट डी.सी. प्रवाहावर. ही निवड चुकली असे आज सहज म्हटले जाते. ते न्याय्य नाही. गाडीतच बसेल असा सुटसुटीत रेक्टिफायर तेव्हा नव्हता आणि डी.सी. मोटरचा वेग आवरणे सोपे होते. म्हणून ए.सी.चे डी.सी. करण्याचे काम रुळांलगतच्या उपकेंद्रांकडे आले. त्याची किंमत मात्र जबर : दाब कमी म्हणून प्रवाह मोठा, तारा जाड, उपकेंद्रे थोड्याथोड्या अंतरावर. २५,००० व्होल्ट ए.सी.वर तेवढ्याच शक्तीला सुमारे सतराव्या हिश्श्याइतका प्रवाह पुरतो. पण लोकल बंद ठेवून बदल करणे अशक्यच. दोन्ही दाबांवर चालणाऱ्या गाड्या आणून तो टप्प्याटप्प्याने झाला. हार्बर मार्गावरची शेवटची डी.सी. लोकल एप्रिल २०१६ मध्ये धावली.