पाचारण : पंडिता रमाबाईंच्या जीवितकार्याचा शोध

मराठी ख्रिस्ती समाजात 'पाचारण' हा एक अर्थगर्भ शब्द रूढ आहे. ईश्वर माणसाला एखाद्या कार्यासाठी हाक मारतो आणि ती हाक ओळखून तिच्यामागे जाणे हेच जीविताचे सार्थक होय, अशी त्यामागची श्रद्धा आहे. श्रद्धेची गोष्ट श्रद्धावंतांनी पाहावी, इतिहासाच्या अभ्यासकाला तिच्याशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या क्षणी एखादी व्यक्ती त्या हाकेसाठी आपले घर, आपला समाज आणि आपला लौकिक पणाला लावते, त्या क्षणी ती हाक इतिहासाचा विषय बनते. ती कशी ऐकू आली, कोणत्या अनुभवांतून तिचा अर्थ उलगडत गेला आणि तिच्यापायी काय किंमत मोजावी लागली, हे प्रश्न मग आपणांस टाळता येत नाहीत. आज आम्ही हे प्रश्न पंडिता रमाबाईंच्या चरित्राला विचारणार आहोत.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. अरण्यात होण्याचे कारण असे की, वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि त्यामुळे आप्तस्वकीयांचा व धर्माधिकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. लोकांत राहून शिकविता येत नसेल तर लोकांबाहेर राहून शिकवू, असा त्या गृहस्थांचा बाणा होता. पुढे त्याच आईने रमाबाईंकडून भागवत पाठ करून घेतले. हे कुटुंब पुराणे सांगत, तीर्थे करीत वर्षानुवर्षे भटकत होते. दक्षिणेतील दुष्काळाच्या दिवसांत अन्नान्न करून आई-वडील गेले, थोरली बहीणही गेली. उरलेली दोन भावंडे, श्रीनिवासशास्त्री आणि रमाबाई, पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ज्या विद्येमुळे हा सन्मान झाला त्याच विद्येने रमाबाईंच्या मनात पहिला संशय पेरला. केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचण्यास सुचविले. धर्मशास्त्राचे ग्रंथही त्यांनी बारकाईने वाचले. त्यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात लिहिले आहे त्याचा मथितार्थ असा की, ग्रंथांत इतर बाबतींत कितीही मतभेद असोत, स्त्रिया आणि शूद्र यांना मोक्षाचा अधिकार नाही याविषयी मात्र त्यांना सर्वत्र एकवाक्यता दिसली. हे मत शास्त्रार्थाच्या दृष्टीने वादग्रस्त ठरू शकेल. भक्तिमार्गाने स्त्रीशूद्रांना दारे उघडली होती, असा प्रत्यारोपही करता येईल. परंतु ज्या स्त्रीने आईवडिलांचे व्रतवैकल्यांत झिजलेले आयुष्य आणि उपाशी मरण पाहिले, तिला तो प्रश्न पंडितांच्या सभेतील वाद म्हणून पडला नव्हता. माझ्यासारखीला कोठे जागा आहे, असा तो प्रश्न होता.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जातीची व प्रांताची दोन्ही बंधने त्यांनी एकदमच तोडली. सिलचर येथे पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत मिळाली आणि ती त्यांनी आवडीने वाचली. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला. पुढल्याच वर्षी फेब्रुवारीत पती पटकीने वारले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत आई, वडील, बहीण, भाऊ आणि पती यांना मुकलेली ही विधवा कडेवर मूल घेऊन १८८२ मध्ये पुण्यास आली.

पुण्याने त्यांचे स्वागत केले, हे आपण अभिमानाने सांगितले पाहिजे. रानडे, भांडारकर आदी मंडळींनी त्यांना आधार दिला. रमाबाई रानडे यांच्या आठवणींत त्या दिवसांचे चित्र आढळते. त्यांनी आर्य महिला समाज स्थापला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रीशिक्षिका व स्त्रीडॉक्टर यांची गरज ठासून मांडली. म्हणजे स्त्रियांची, विशेषतः विधवांची, सेवा हे कार्य त्यांना ख्रिस्ती होण्यापूर्वीच सापडले होते. मिशनऱ्यांनी त्यांना कार्य दिले हे म्हणणे जितके एकांगी, तितकेच धर्मांतराने त्यांचे कार्य बिघडले हे म्हणणेही एकांगी आहे. कार्याची दिशा दुःखाने दाखविली होती. त्या दिशेने आयुष्यभर चालण्याचे बळ कोठून आणावयाचे, हा त्यांचा पुढचा शोध होता.

पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासाची तजवीज करून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वैद्यक शिकण्याचा बेत होता, परंतु ऐकू कमी येऊ लागल्यामुळे तो सोडावा लागला. वाँटेज येथील धर्मभगिनींच्या आश्रमात त्या उतरल्या होत्या. त्या भगिनींनी लंडनच्या फुलहॅम भागात चालविलेले एक आश्रयगृह त्यांनी पाहिले. समाजाने 'पतित' म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथे मायेने वागवून पुन्हा उभे केले जात होते. अशा स्त्रियांविषयी इतकी करुणा कोठून येते, असे विचारता त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. विहिरीवर पाणी भरण्यास आलेल्या, परजातीच्या व लौकिकदृष्ट्या कलंकित अशा स्त्रीशी ख्रिस्त बोलतो आणि उपासनेला स्थळाचे बंधन नाही हे गूढ तिलाच प्रथम सांगतो. माझ्यासारखीला कोठे जागा आहे, या प्रश्नाला रमाबाईंना येथे उत्तर सापडले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात यावर गदारोळ उठला. पाठीशी उभे राहणाऱ्या मोजक्यांत जोतीराव फुले होते. त्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. परंतु रमाबाई इंग्रज धर्माधिकाऱ्यांच्या हातातील बाहुली बनल्या, हा समज पत्रव्यवहार पाहता टिकत नाही. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे हिंदुस्थानातील बिशपांचे म्हणणे पडले, तेव्हा त्यांनी त्याला सडेतोड विरोध केला. एका पुरोहितवर्गाचे जू मानेवरून काढले ते दुसऱ्याचे चढविण्यासाठी नव्हे, अशा आशयाचे त्यांचे उत्तर होते. चर्चची शिकवण त्यांनी पोथीसारखी पाठ केली नाही. मूळ वचन वाचून, शंका विचारून, पटले तेवढेच त्या स्वीकारीत गेल्या. अनंतशास्त्र्यांची लेक अरण्यातून जो बाणा घेऊन आली होती तो वाँटेजमध्येही सुटला नव्हता.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या. पुढे अमेरिकेत त्यांनी गावोगाव व्याख्याने दिली आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले. १८८७ च्या अखेरीस बॉस्टन येथे त्यांच्या नावाची संस्था स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे साहाय्य देण्याचे ठरविले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई जोशी ही बालविधवा होती. सदनाचे धोरण धर्मनिरपेक्ष राहील, कोणाच्या धर्माचारात ढवळाढवळ होणार नाही, असे वचन देण्यात आले होते. पुढल्या वर्षी सदन पुण्यास आले.

आणि येथेच त्यांच्या चरित्रातील सर्वांत कठीण प्रसंग घडला. त्याकडे पाहताना आपण पुणेकरांच्या बाजूने किंवा रमाबाईंच्या बाजूने वकिली करू नये. १८९१ च्या सुमारास रमाबाईंच्या आत्मिक जीवनात मोठा पालट झाला. ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा अर्थाचे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना ही उणीव जाणवली आणि मग अंतःकरणाला शांती लाभली. त्यांच्या खोलीतील प्रार्थनेच्या वेळी दार उघडे असे आणि मुली आपण होऊन येऊन बसत. वृत्तपत्रांतून, विशेषतः 'केसरी'तून, टीकेचा भडिमार झाला. १८९३ मध्ये रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या.

कोण बरोबर होते? रमाबाईंनी कोणावर बळजोरी केल्याचे दिसत नाही, आणि स्वतःच्या घरात प्रार्थना करण्याचा हक्क त्यांना नाकारणे अन्यायाचे होते. उलटपक्षी, अनाथ, विधवा, कोवळ्या मुलींच्या दृष्टीने जी आईच्या ठिकाणी होती, तिचे उघडे दार हे केवळ उघडे दार राहत नाही, ही रानड्यांसारख्या मित्रांची शंकाही खोटी नव्हती. धर्मनिरपेक्षतेचे वचन आणि आपल्या श्रद्धेविषयी मौन न पाळण्याची सदसद्विवेकबुद्धी, ही दोन्ही त्यांना एकाच वेळी सांभाळावयाची होती. ते जमले नाही. पाचारणाची किंमत म्हणतात ती अशी असते. शत्रूंनी दूर जावे यात नवल नाही, जिवाभावाचे मित्रही दूर गेले. आमच्या मते यात पुण्याची हानी अधिक झाली. विधवांच्या शिक्षणाची जी चळवळ सर्व सुधारकांनी मिळून पुढे नेता आली असती, तिच्यात धर्माची भिंत उभी राहिली.

तरीही इतिहासाची वाट सरळ नसते. त्याच वर्षी, ११ मार्च १८९३ रोजी, सदनातील गोदूबाईंनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. १८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि त्यांच्याच प्रयत्नांतून १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे राहिले. शारदा सदनातला एक दिवा अशा रीतीने हिंगण्याच्या माळावर पोहोचला.

रमाबाई मात्र केडगावकडे वळल्या. तेथे त्यांनी फळबागेसाठी जमीन घेऊन ठेवली होती. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. ज्या स्त्रीने स्वतःच्या तरुणपणी दुष्काळात माणसे गमावली होती, तिला ती बातमी ही केवळ बातमी वाटली नाही. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली व बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्यामुळे त्यांना केडगावलाच ठेवावे लागले. तेथे 'मुक्ती' उभी राहिली. १९०० मधील गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. येथील व्यवस्था केवळ अन्नछत्राची नव्हती. शेती, दुग्धालय, विणकाम, शिवणकाम, तेलघाणा, छापखाना अशा धंद्यांचे शिक्षण मुलींना मिळे. पतितांसाठी 'कृपा सदन' होते, आणि मनोरमेच्या प्रयत्नाने अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविली जाई. फुलहॅममध्ये जे पाहिले ते केडगावच्या उजाड माळावर, मराठी मातीत, त्यांनी पुन्हा उभे केले.

शेवटली सुमारे सतरा वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला वाहिली. मराठीत भाषांतर होतेच, परंतु त्याची भाषा खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला जड जाते, असे त्यांचे मत होते. म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास केला आणि मुळावरून साध्या भाषेत भाषांतर केले. जुळवणी आणि छपाई मुक्तीतील स्त्रियांनी केली. संस्कृतात आशुकवित्व करणाऱ्या या पंडितेने आपली सर्व विद्वत्ता सोपे लिहिण्यासाठी खर्च केली. वेदाचा अधिकार आपल्याला नाही हे जिला वाचावे लागले होते, तिने आपला धर्मग्रंथ बायांच्या हाती, बायांच्या भाषेत, बायांच्या हातांनी छापून दिला. पूर्वायुष्यातील प्रश्नाला दिलेले हे त्यांचे अखेरचे उत्तर होते. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. त्या दुःखातही काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या आणि संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

या चरित्रातून पाचारणाविषयी आपण काय समजावे? एक तर हे की, ते आकाशवाणीसारखे एकदाच होत नाही. गंगामूळचे अरण्य, दुष्काळाची वाट, सिलचरचे पुस्तक, फुलहॅमचे आश्रयगृह, पुण्यातला दुरावा, या सर्वांतून ते तुकड्यातुकड्याने ऐकू आले. आणि कान मंद होत गेलेल्या त्या स्त्रीने ते तुकडे जोडले. दुसरे असे की, ते माणसाच्या गतायुष्याला टाकून देत नाही. बापाचा हट्ट, आईने दिलेली विद्या, भुकेची आठवण, वैधव्य, यांतले काहीही वाया गेले नाही. यातील प्रत्येक गोष्ट केडगावात कामास आली. तिसरी गोष्ट अधिक अवघड आहे. पाचारण खरे असले म्हणून ते पाळणाऱ्याच्या हातून कोणी दुखावले जाणार नाही, असे मुळीच नाही. रमाबाईंच्या श्रद्धेने त्यांना बळ दिले आणि त्याच श्रद्धेने त्यांना त्यांच्या मित्रांपासून तोडले. दोन्ही गोष्टी एकत्र मान्य केल्यावाचून त्यांचे चरित्र नीट वाचता येणार नाही.

श्रोत्यांत निरनिराळ्या धर्मांचे आणि कोणताच धर्म न मानणारेही असतील. रमाबाईंचा ईश्वर आपला मानलाच पाहिजे, असा आमचा आग्रह नाही. परंतु आपल्या वाट्याला आलेले दुःख कोणाच्या तरी उपयोगी पडावे असे वाटणे, त्यासाठी एक काम निवडणे आणि लोक सोडून गेले तरी ते शेवटपर्यंत रेटणे, याला ज्याने त्याने आपापल्या भाषेत हवे ते नाव द्यावे. पुण्याहून केडगाव फार लांब नाही. रमाबाईंनी आरंभलेले काम तेथे आजही चालू आहे. १८९३ मध्ये पडलेले अंतर मात्र अजून पुरते कापले गेलेले नाही. ते कापण्याचा आरंभ त्यांचे चरित्र निःपक्षपाताने वाचण्यापासून होईल, असे आम्हांस वाटते.