कोटापासून कोळीवाड्यापर्यंत

ज्युबिलीच्या निमित्तानें वसईचा इतिहास लिहावयास बसलों, तेव्हां आम्हांस वाटलें कीं, हा इतिहास वाचण्यापेक्षां पायांनीं चालल्यास मनावर अधिक ठसेल. वाटाड्याची गरज नाहीं. वाचकांनीं एखाद्या सकाळीं आमच्यासंगें कोटाच्या भूदरवाजांतून आंत यावें.

इ. स. १५३४ सालीं गुजरातचा सुलतान बहादुरशाह ह्यानें वसई पोर्तुगीजांस दिली, आणि पुढें दोनशें वर्षें त्यांचें ठाणें येथें नांदलें. आंत फ्रान्सिस्कन मठवासीयांचें संत अंतोनीचें देऊळ आहे. त्यावर छप्पर उरलें नाहीं. परंतु जमिनींत बसविलेल्या शिळांवर पोर्तुगीज घराण्यांचीं नांवें अद्याप दिसतात. कोळ्याचें नांव मात्र आम्हांस तेथें आढळलें नाहीं.

जेझुइटांच्या पवित्र नामाच्या देवळापाशीं क्षणभर थांबावें. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया ह्यांस ह्याच कोटांत जेझुइट गुरूंनीं शिकविलें. ते जपानांत गेले, व्यापारांत पडले, मग मनिला येथें फ्रान्सिस्कन बंधु झाले. आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर हुतात्मा झाले. १८६२ सालीं पोप नववे पायस ह्यांनीं त्यांस संतपद दिलें.

सागरदरवाजाजवळ संत जोसेफच्या देवळाचा उंच मनोरा उभा आहे. आर्चबिशप मेनेझेस ह्यांच्या कारकीर्दींत, १६०१ सालीं, त्या देवळाचा जीर्णोद्धार झाला. पुढें मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पांच्या सैन्यानें सुरुंग लावून तट फोडला व कोट शरण आला. पोर्तुगीज अधिकारी व शिपाई जहाजांत बसून निघून गेले. देवळांच्या घंटाही गेल्या. १७२१ सालची एक घंटा नाशिकास नारोशंकराच्या मंदिरीं आणि १७०७ सालची एक मेणवलीस आजही आहे.

आतां कोटाबाहेर पाचूबंदराकडे वळावें. येथें बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत असतात, आणि वाळूंत जाळीं पसरलेलीं असतात. डोल जाळ्याचें तोंड प्रवाहाकडे करून तें समुद्रांत बांधतात. पाण्याच्या ओढीनें मासळी आंत शिरते, आणि पाणी थबकलें कीं तें ओढून घेतात. म्हणून कोळ्याचा दिवस घड्याळावर नव्हे, भरती-ओहोटीवर चालतो. प्रभूनेंही आपले पहिले शिष्य जाळीं टाकणाऱ्यांतूनच निवडिले, हें येथें आठवल्यावांचून राहत नाहीं.

सत्ताधारी गेले, दगडी देवळें ओस पडलीं. परंतु जाळें विणणारे हात येथेंच राहिले, आणि सायंकाळची रोजरी घराघरांत चालू राहिली. आज आपल्या मंदिरांत जी श्रद्धा आहे, ती त्या घरांतून आली, असें आम्ही मानितों. कोटाचे दगड राखावयास सरकारचें पुरातत्त्व खातें आहे. वृद्ध कोळ्यांच्या आठवणी राखावयास आपल्यावांचून कोण आहे? पुष्कळ तरुण नोकरीसाठीं रोज सकाळीं मुंबईची गाडी धरितात. वाऱ्यांचीं नांवें व खडकांच्या खुणा जाणणारे वृद्ध एक एक करून आपणांतून जात आहेत.

ह्यासाठीं आमची विनंती आहे कीं, ज्युबिलीच्या ह्या वर्षांत प्रत्येक कुटुंबानें ही वाट एकदां तरी चालावी. संगें एक म्हातारें माणूस व एक मूल घ्यावें. म्हाताऱ्यानें सांगावें, मुलानें ऐकावें, आणि घरीं आल्यावर तें वहींत लिहून ठेवावें.