लिनक्समधून विंडोजचे पार्टिशन उघडताना

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स या दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिम असल्यास विंडोजच्या 'एनटीएफएस' पार्टिशनमधील फाइली लिनक्समधून उघडता येतात. २००७ मध्ये 'एनटीएफएस-३जी' या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची स्थिर आवृत्ती आली आणि त्या फाइलींत बदल करणेही सुकर झाले. २०२१ मध्ये लिनक्सच्या ५.१५ कर्नलमध्येच तशी सोय समाविष्ट झाली. मात्र विंडोज ८ पासून आलेले 'फास्ट स्टार्टअप' सुरू असल्यास, संगणक बंद केला तरी विंडोज पूर्णतः बंद होत नाही. अशा अवस्थेत त्या पार्टिशनवर काही लिहिल्यास माहिती नष्ट होण्याचा धोका असतो. म्हणून ही सुविधा विंडोजमधून आधी बंद करावी. उलटपक्षी, लिनक्सचे 'ईएक्सटी-४' पार्टिशन विंडोजला थेट वाचता येत नाही. ते 'फॉरमॅट' करावे काय, अशी विचारणा विंडोजने केल्यास होकार देऊ नये. अन्यथा त्यातील फाइलींना मुकावे लागते.