कपाटातली बुरशी आणि मिकेलीच्या फोडी

पावसाळ्यात आठवडाभर ऊन पडले नाही, की कपाट उघडताच कुबट वास येतो. चामड्याच्या पट्ट्यावर, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढरी-हिरवी लव दिसते. ‘ओल आली म्हणून बुरशी आली’ असे आपण सहज म्हणतो. हे विधान अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे कळायला बराच काळ जावा लागला.

रॉबर्ट हूकचा ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ १६६५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले बुचाच्या पेशींचे चित्र पाठ्यपुस्तकांमुळे सर्वांच्या ओळखीचे आहे. त्याच ग्रंथात बुरशीचेही चित्र आहे, त्याची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही. एका लहान पुस्तकाच्या लाल, मेंढीच्या कातड्याच्या वेष्टनावर पांढरे ठिपके पडले होते. ते सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यावर हूकला बारीक देठ आणि त्यांच्या टोकांना गोल बोंडे दिसली. चित्र उत्तम उतरले. निष्कर्ष मात्र असा निघाला की बुरशीला बीज लागत नाही, कुजणाऱ्या पदार्थातून ती आपोआप उपजते. आम्हाला यात हूकचा कमीपणा वाटत नाही. बोंडात काय आहे हे नुसते पाहून ठरत नाही, पेरून पाहावे लागते.

पेरून पाहिले ते फ्लॉरेन्सच्या पिएर अँतोनियो मिकेली या वनस्पतिशास्त्रज्ञाने. बुरशीवरची भुकटी त्याने खरबुजासारख्या फळांच्या ताज्या फोडींवर लावली. ज्या बुरशीची भुकटी, तीच बुरशी उगवली! हे काम १७२९ साली ग्रंथरूपाने आले. काही न पेरलेल्या फोडींवरही बुरशी धरली होती. दुसरा कोणी असता तर ‘पाहा, आपोआप उपजली’ म्हणून मोकळा झाला असता. मिकेलीने मात्र ही बीजे हवेतून पसरतात असे ओळखले. तरीही समकालीनांना ते फारसे पटले नाही.

बुरशी कपडे खाते म्हणजे नेमके काय करते, याचा छडा दुसऱ्या महायुद्धामुळे लागला. पॅसिफिकमधल्या बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू सडू लागले. सॉलोमन बेटांवर मिळालेल्या एका बुरशीवर एल्विन रीज यांनी पुढे काम केले. सुतातल्या सेल्युलोजचे तुकडे करणारी विकरे ती बाहेर सोडते आणि त्यातून सुटणारी साखर शोषून घेते. १९७७ साली तिला ‘ट्रायकोडर्मा रीसी’ हे नाव मिळाले. जीन्सच्या कापडाला जुनाट रूप देण्यासाठी आज तिचीच विकरे वापरतात.

तेव्हा बीजुके प्रत्येक कपाटात असणारच. आपल्या हाती आहे ते पाणी. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या खाली राहिली तर बहुतेक बुरशा वाढत नाहीत. बाहेरची भिंत थंड असते, म्हणून तिच्यालगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता, बाष्प तेवढेच असूनही, वाढते. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे ते यासाठी. डांबरगोळ्या कसरीसाठी आहेत. ओल त्या शोषत नाहीत.

मिकेलीचा प्रयोग वर्गात करायचा तर फोडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड पक्के बंद करावे, आणि निरीक्षण संपल्यावर पिशवी न उघडता टाकावी. वर्गात दम्याचा एखादा विद्यार्थी असू शकतो.