परके घुमट, आपली देवळे

सुरतेलगतचे सचिन संस्थान एका दस्तऐवजातून जन्मले. जंजिऱ्यावरील हक्काच्या मोबदल्यात पेशव्यांनी १७९१ साली सिद्दी अब्दुल करीम याला हा मुलूख दिला. हबशी नबाब, गुजराती रयत आणि मराठी करार असा हा संगम १९४८ पर्यंत टिकला.

असाच संगम दगडचुन्यात पाहावयाचा तर शेजारच्या सुरतेतील डच दफनभूमीत जावे. १६९१ साली निवर्तलेल्या हेंड्रिक व्हान रीडची तेथील समाधी दुमजली, स्तंभयुक्त व घुमटाची आहे. प्रॉटेस्टंट डचांनी मुसलमानी मकबऱ्याचे रूप निःसंकोच स्वीकारले. इंग्रज ऑक्सिंडन बंधूंच्या कबरीवर ताण करण्यासाठी ती उभारली, अशी आख्यायिका आहे. मृतांचीही केवढी ही चढाओढ! कोंकणी वाचकाला व्हान रीड परका नाही. त्याच्या ‘हॉर्टस मलाबारिकस’च्या पहिल्या खंडात (१६७८) रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या कोचीच्या वैद्यांचे कोंकणी प्रमाणपत्र नागरी अक्षरांत छापले आहे.

आपल्या देवळांच्या जीर्णोद्धाराची चर्चा निघाली की, ‘घुमट परका, तो उतरवून शिखर चढवा’ असे कोणीतरी म्हणतेच. मला हा दावा मान्य नाही. श्रीमंगेश १५६० मध्ये पोर्तुगीज अंमलातील कुशस्थळी सोडून आदिलशाहीतील प्रियोळास आला. आजचे देऊळ अठराव्या शतकात मराठी आश्रयाने घडले. त्याचा अष्टकोनी घुमट, कमानी व दीपस्तंभ हे त्या प्रवासाचेच साक्षीदार होत. साक्षीदाराला न तपासता बाहेर काढणे कोणत्या न्यायात बसते? निदान जुन्या बांधणीचे नकाशे व छायाचित्रे सिद्ध करून महाजनांपुढे ठेवावीत; पहार त्यानंतर उचलावी.